तृतीयेची ये-जा

जयपुरात चैत्र दोनदा सुरू होतो. समोरच्या भाभीजींचा चैत्र धुळवडीच्या सकाळी उजाडतो, माझा त्यानंतर पंधरा दिवसांनी. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून होळीनंतरचा जो पंधरवडा माझ्या लेखी फाल्गुन वद्य, तोच त्यांच्या लेखी चैत्र कृष्ण. ३४ वर्षं सरकारी कचेरीत हिशेब तपासण्यात घालवलेल्या बाईला ही तफावत खुपायला हवी होती. पण नोकरीत असताना तिच्याकडे कधी लक्षच गेलं नाही. सणाची तारीख म्हणजे सुट्टीच्या यादीत छापलेली तारीख. राजस्थानात चेटीचंडाची सुट्टी असते आणि ती पाडव्याला लागूनच येते. सिंध्यांच्या झूलेलालनं दिलेल्या सुट्टीत मी वर्षानुवर्षं सातारी गुढी उभारली, आणि त्याबद्दल त्याचे आभार मानायचंही राहून गेलं.

३१ मार्च २०१५ ला मी निवृत्त झाले. गळ्यात झेंडूचा हार, हातात शाल-नारळ आणि घरी पाळण्यात बसलेली चैत्रगौर. त्या साली पाडवा २१ मार्चलाच येऊन गेला होता, गौर बसून आठवडा उलटला होता. कचेरीचा हार मी तसाच आणून तिच्या पाळण्याला गुंडाळला. हे म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांची बिलं नापास केलीस, आणि आता सरकारी हार देवाला?"

त्या संध्याकाळपासून एकच प्रश्न सुरू झाला : "मग आता परत कधी?" साताऱ्याहून भावाचा फोन, पुण्याहून मुलीचा, आणि इथल्या भिशीतल्या मराठी बायकांचा तर समोरासमोर. मुलीनं तिच्याच इमारतीत आमच्यासाठी दोन खोल्यांची जागा हेरून ठेवली होती. मी म्हटलं, गौर उठू दे, मग बघू. गौर अक्षय्य तृतीयेला उठते. तोवर जयपूरचं ऊन असं पेटलेलं असतं की सामान बांधायचं नाव कोणी काढत नाही. मग पाऊस, मग दिवाळी, मग थंडी, की पुन्हा होळी. हा मागोवा त्या पुढे ढकललेल्या निर्णयाचा आहे. दहा-अकरा वसंत गेले.

आधीच्या वर्षांविषयी थोडंच सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही, धावपळ होती. १९८० साली लग्न होऊन इथे आले तेव्हा मुंबईकडून येणारा माणूस मोठ्या गाडीतून सवाई माधोपूरला उतरायचा आणि मीटरगेजच्या छोट्या गाडीत बसून जयपूरला पोचायचा. आई साताऱ्याहून साखरेच्या गाठी डब्यात भरून द्यायची. रुळांची रुंदी बदलली की गाठींचा चुरा व्हायचा. त्या चुऱ्याचं मी पन्हं करायची आणि गुढीला बत्ताशांची माळ ओवायची. पहिल्या वर्षी गुढीसाठी बांबू आणायला हे बाजारात गेले. दुकानदारानं सहा फुटी बांबू काढला, दोरी गुंडाळली, आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "घर में कौन गए, बाबूजी?" एकच बांबू हवा म्हटल्यावर तो आणखी गोंधळला. पुढे तोच दर वर्षी फाल्गुनात निरोप धाडायचा, की तुमचा 'त्योहार का बांस' बाजूला काढलाय.

पहिला खरा वसंत मला २०१६ साली मिळाला. होळीच्या आधी आठ दिवस भाभीजींच्या अंगणात शेणाचे बडकुल्ले वाळत होते. मधे भोक पाडलेल्या चकत्या, त्यांत एखादा सूर्य, एखादा चंद्र; वाळले की सुतळीत ओवून माळ करायची आणि होळीला घालायची. ३५ वर्षं मी ते अंगण ओलांडून बस पकडत होते आणि मला वाटत होतं, ह्या गोवऱ्या आहेत. होळी पेटली, सकाळी रंग झाला, आणि त्याच सकाळी भाभीजींच्या सुना होळीची राख ताटलीत घेऊन आल्या. त्या राखेचे मुठीएवढे पिंड वळले, भिंतीशी मांडले, आणि गणगौर सुरू झाली. सोळा दिवस रोज सकाळी दूर्वा आणि पाण्याचे लोटे घेऊन बायका-मुली जमायच्या. पुढे मातीचे ईसर आणि गौर, म्हणजे शंकर-पार्वती, आले, गव्हाचे जवारे उगवले. मधेच शीतला अष्टमीचं 'बास्योडा' : आदल्या दिवशी पुए, राबडी, दहीभाताचं गोड ओलिया करून ठेवायचं, अष्टमीला चूल पेटवायची नाही, सगळं शिळं खायचं. आमच्याकडे शीतळा श्रावणात येते. ही इथे उन्हाळ्याच्या तोंडावर, गोवर-कांजिण्यांच्या दिवसांत येते. मला हे वेळापत्रक जास्त पटतं.

आणि मग तृतीया. चैत्र शुद्ध तृतीयेला गणगौर सासरी जाते. जयपूरची राजघराण्याची गणगौर त्या संध्याकाळी जनानी ड्योढीतून निघून त्रिपोलिया दरवाज्यातून बाहेर येते. पुढे हत्ती, उंट, कच्छी घोडीवाले, बँडवाले. छोटी चौपड, गणगौरी बाजार, चौगान करत ती तालकटोऱ्याकडे जाते. दुसऱ्या दिवशी चतुर्थीला पुन्हा एकदा निघते, तिला बूढी गणगौर म्हणतात. गंमत म्हणजे इथली गौर एकटी निघते, बरोबर ईसर नाही. तो कोणी पळवून नेला, ह्याची एक दंतकथा शहरात सांगतात आणि सांगणारा प्रत्येक जण ती थोडी वेगळी सांगतो. इथले लोक असंही म्हणतात की श्रावणातली तीज सण घेऊन येते आणि गणगौर ते सगळे घेऊन बुडते. गणगौर विहिरीत विसर्जित झाली की श्रावणापर्यंत घरात सणांच्या नावानं सामसूम.

आणि नेमक्या त्याच तिथीला माझी चैत्रगौर माहेरी येते. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा पितळी पाळण्यात बसते आणि महिनाभर मुक्काम ठोकते. एकाच दिवशी, एकाच गल्लीत, समोरच्या घरातून पार्वती निघते आणि माझ्या घरात येते. त्या पहिल्या मोकळ्या वर्षी मी पायरीवर चैत्रांगण काढत बसले होते : शंख, चक्र, गोपद्मं, कासव, सनई-चौघडा. भाभीजींच्या सुना डोक्यावर गौर घेऊन रडव्या चेहऱ्यानं बाहेर पडल्या, माझ्या रांगोळीला वळसा घालून गेल्या. गेरू आणि खडूनं मांडणे काढणाऱ्या त्या मुलींपैकी एकीनं परतताना वाकून पाहिलं आणि विचारलं, "काकीजी, आपके यहाँ आज आती है?" मी हो म्हटलं. "हमारी ही तो आई होगी," ती म्हणाली, "और जाएगी कहाँ."

हे इतिहास शिकवायचे. ती गोष्ट ऐकून मला ब्रह्मपुरीत घेऊन गेले. गढ गणेशाच्या डोंगराखालची ही वस्ती. तिथे रत्नाकर पुंडरीकांची हवेली आहे, आत भिंतीवर चित्रं आहेत. हे रत्नाकर मूळचे महाराष्ट्री, महाशब्दे आडनावाचे, सवाई जयसिंहाचे गुरू. जयपूर वसलं १७२७ साली. त्याच्या आधीच, १७१३ च्या सुमारास त्यांनी 'जयसिंहकल्पद्रुम' लिहिला. कुठल्या तिथीला कोणतं व्रत, तिथी दोन दिवसांत विभागली तर कुठला दिवस धरायचा, असा सगळा निर्णय करणारा मोठा ग्रंथ. म्हणजे राजाला तृतीया कोणती आणि चतुर्थी कोणती ते सांगणारा माणूस आपल्याकडचा. ह्यांना ह्याचा फार आनंद. माझा आनंद वेगळा होता : ३०० वर्षांपूर्वी कोणीतरी ह्या मुलखात बसून दोन पंचांगांचा ताळेबंद जुळवला होता.

हे मात्र एकतर्फी सांगायचे नाहीत. परतीच्या वाटेवर त्रिपोलिया बाजारामागची ईसरलाट दाखवायचे. सात मजली मनोरा, ईश्वरीसिंहानं १७४९ साली विजयाची खूण म्हणून बांधलेला. पुढच्याच वर्षीच्या डिसेंबरात मल्हारराव होळकर खंडणीसाठी चालून येताहेत हे कळल्यावर त्यानं विष घेतलं, आणि १७५१ च्या जानेवारीत ह्याच शहरात शिरलेल्या मराठ्यांची लोकांनी कत्तल केली. हजारोंची. "तू ह्या रस्त्यावर बांगड्या घेतेस," हे म्हणायचे, "त्या रस्त्यावर." शेजारचे एक वृद्ध गृहस्थ मला अजून थट्टेनं 'दक्खिनी' म्हणतात आणि दरवाजा लावून घेतात. मग उघडून चहाला बोलावतात.

बांगड्यांचं म्हणजे असं. त्रिपोलियाच्या समोर मनिहारों का रास्ता आहे, लाखेच्या बांगड्यांची गल्ली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मी १९८० च्या दशकापासून तिथल्या एका चाचांकडून बांगड्या नेते. फाल्गुनात त्यांच्याकडे बांगड्यांपेक्षा गुलाल-गोट्यांची घाई असते. लाखेचा छोटा गोळा तापवून फुंकणीनं फुगवतात, कागदासारखा पातळ करतात, आत गुलाल भरून तोंड बंद करतात. अंगावर फेकला की पट्कन फुटतो आणि लागत नाही. पूर्वी राजे हत्तीवरून हे गोटे प्रजेवर फेकायचे. बनवणारे सगळे मुसलमान कारागीर. चाचांना गोविंददेवजींच्या फागोत्सवाची तारीख माझ्याआधी ठाऊक असते.

गोविंददेवजींचं सांगायचं तर ह्यांना देवाधर्माचं विशेष नव्हतं. पण निवृत्तीनंतर आठवड्यातून एकदा पहाटे मंगला झांकीला जायचे. दिवसभरात सात झांक्या होतात, मंगला पहिली. वृंदावनातून औरंगजेबाच्या काळात हलवलेली ही मूर्ती जयसिंहानं आपल्या महालातून समोर दिसेल अशी बसवली. ह्यांचं म्हणणं, दर्शन एका मिनिटाचं आणि बाहेरच्या कचोरीचं माहात्म्य अर्ध्या तासाचं. मी जायची ती गर्दीसाठी. पहाटे पाचला एवढी म्हातारी माणसं एकमेकांना "राम राम सा" म्हणताना दुसरीकडे कुठे दिसणार?

रिकामेपणाची मला भीती होती. ती दोन गोष्टींनी घालवली. एक परिंडे. होळी झाली की जयपुरात पक्ष्यांसाठी मातीची पसरट भांडी झाडांना टांगतात आणि पावसापर्यंत त्यांत रोज पाणी भरतात. आमच्या वसाहतीतल्या निवृत्त मंडळींनी हे काम घेतलं होतं आणि हिशेब माझ्या गळ्यात मारला. किती टांगले, किती माकडांनी फोडले, कोणाची पाळी चुकली. मी नोंदवही ठेवली. एका निवृत्त अभियंत्यांनी माझ्या वहीविरुद्ध तक्रार केली की त्यांच्या नावावर दोन दिवस जास्त गैरहजेरी दाखवलीय. तपासलं तर त्यांचंच बरोबर होतं. ३४ वर्षांत असं झालं नव्हतं!

दुसरी गोष्ट मोठी आहे. महाराष्ट्रात जयपूर म्हटलं की गाणाऱ्यांना अल्लादिया खाँसाहेबांचं घराणं आठवतं (जे कोल्हापूर-मुंबईत वाढलं), आणि बाकी सगळ्यांना पाय. तो 'जयपूर फूट' १९६८ च्या सुमारास इथल्या सवाई मानसिंग रुग्णालयात घडला. रामचंद्र शर्मा हे फारसे न शिकलेले कारागीर, सगळे त्यांना मास्टरजी म्हणत, आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यतज्ज्ञ. परदेशी पाय बुटात घालायचा असतो, खुर्चीवर बसणाऱ्याचा असतो. इथल्या माणसाला अनवाणी चालायचं असतं, उकिडवं बसायचं असतं, ओल्या शेतात उतरायचं असतं. म्हणून रबर, लाकूड वापरून वळणारा, खऱ्या पावलासारखा दिसणारा पाय त्यांनी केला. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण पाय असणं आणि तो गरिबापर्यंत पोचणं ह्यांत अंतर होतं. ते १९७५ साली देवेंद्रराज मेहतांनी काढलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीनं कापलं. पाय फुकट, राहणं-जेवण फुकट, बरोबर आलेल्या माणसाचंसुद्धा.

त्या केंद्रावर मी आठवड्यातून दोन सकाळी जाऊ लागले, दुभाषी म्हणून. मराठवाडा, खानदेश, विदर्भातून माणसं यायची आणि माप घेणाऱ्याच्या हिंदीपुढे घाबरून गप्प व्हायची. मी फक्त शेजारी बसायची. मार्च-एप्रिलमध्ये साखर कारखान्यांचा हंगाम संपतो, त्या दिवसांत एकदा उसाच्या ट्रॉलीखाली पाय गेलेला एक तरुण आला होता. प्लास्टरचं माप झालं, प्लॅस्टिकच्या नळीतून खोबण तयार झाली, दुसऱ्या दिवशी तो समांतर दांड्यांमधून चालला. कारागिरानं विचारलं, आणखी काही अडचण? तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, मांडी घालून जेवाया बसता येतंय का इचारा." मी विचारलं. कारागिरानं उत्तर न देता स्वतः जमिनीवर मांडी घातली आणि त्यालाही बसवलं. बसता आलं. नंतर पुष्कळांनी हेच विचारलं. लग्नाला, पंगतीला, पोथीला बसता येईल का. धावता येईल का असं क्वचितच कोणी विचारलं.

तर असे चैत्र जात होते. २०१९ मध्ये जयपूरचं परकोटा शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हा हे इतके खूश झाले की पुण्याच्या जागेचा विषय आपोआप वर्षभर बंद पडला.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता. देशभरातल्या टाळेबंदीचा पहिला दिवस. आंब्याचे डहाळे नाहीत, बांबू गेल्या वर्षीचा, बत्ताशे नाहीत. कडुनिंब मात्र दारातच फुलला होता. इथेही नवसंवत्सराला निंबाची पानं मिश्री-मिऱ्याबरोबर वाटतात. त्या वर्षी भाभीजींनी ती फाटकाच्या खांबावर वाटीत ठेवली आणि मागे सरकून उभ्या राहिल्या. २७ मार्चला तृतीया. त्रिपोलियातून गणगौर निघाली नाही. सुनांनी गच्चीवर पूजा केली, विहिरीवर जाता येईना म्हणून मातीची गौर बादलीत बसवली, ते पाणी तुळशीला घातलं. माझ्याकडे कैरी नव्हती. (कैरीला इथेही कैरीच म्हणतात, मला ह्या गावात पहिल्यांदा धीर आला तो भाजीवालीच्या तोंडून हा शब्द ऐकून.) वाटल्या डाळीवर लिंबू पिळलं आणि फोडणी दिली. गौरीनं तक्रार केली नाही, ह्यांनी केली.

पुढच्या वर्षी १५ एप्रिलला गौर बसली आणि २४ एप्रिल २०२१ ला हे गेले. त्या दिवसांबद्दल सगळ्यांनी सगळं वाचलेलं आहे, मी भर घालत नाही. सुतकात गौरीची पूजा थांबली. पाळणा कोपऱ्यात होता तसाच राहिला, त्याच्यावर पंचा टाकला होता. १४ मेला अक्षय्य तृतीया आली. गौरीला उठवायचं तर हळदकुंकू लावून, दहीभात दाखवून उठवायचं असतं. मी पंचा काढला, तिला हातात घेतलं, पदरानं पुसलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. दुपारी चाचांचा फोन आला. ईद होती. ते ईद मुबारक म्हणाले नाहीत, मीही म्हटलं नाही. "बाईजी, खाना खाया?" एवढंच विचारलं.

२०२२ च्या चैत्रात मी पाळणा काढला नाही. कोणी मना केलं नव्हतं. हळदीकुंकू सवाष्णींचं, ही गोष्ट माझ्या अंगात इतकी मुरलेली होती की मना करायला दुसरं माणूस लागलंच नाही. ४ एप्रिलला तृतीया. समोरून गणगौर गेली, माझ्या पायरीवर रांगोळी नव्हती. अर्ध्या तासानं भाभीजी आल्या. ८० ला टेकलेली बाई, गुडघे धरत जिना चढून आली आणि म्हणाली, "तुम्हारी नहीं आई?" मी काय ते सांगितलं. त्या माळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बेटी पीहर आती है तो माँ का सिंदूर पूछके आती है क्या?" आणि सुनेला हाक मारून पाळणा खाली काढायला लावला.

इथे मला माझंच एक जुनं खातं उघडावं लागतं. भाभीजींचे पती १९९८ साली गेले. तेव्हापासून दर चैत्रात मी त्यांच्या सुनांना हळदीकुंकवाला बोलावत आले, ओटीत भिजवलेले हरभरे घातले, बांगड्या दिल्या. आणि भाभीजींसाठी डाळ वाटीत झाकून सुनेबरोबर घरी पाठवली. २०-२२ वाट्या होतात. त्यांनी प्रत्येक वाटी घासून परत पाठवली, रिकामी कधीच नाही, गूळ नाही तर बाजरीचं काहीतरी घालून. त्यांच्या अंगणातल्या सोळा दिवसांतही त्या उंबऱ्याशी बसून पाणी भरून द्यायच्या, पिंडांजवळ जात नसत. मी ते रोज पाहत होते. हिशेबात जे दिसत नाही ते तपासायचं, हे मी नव्या मुलांना शिकवलेलं होतं.

त्या वर्षी गौर ३ मेला उठली. पुन्हा ईद त्याच दिवशी. दुसऱ्याच दिवशी, ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला : कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, सगळं. महिना संपायच्या आत राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. मुलीनं पुण्याहून बातमी पाठवली, खाली लिहिलं, 'आई, वाच'. वाचली. आपल्याकडे ठराव लागतो आणि ठरावानं सगळं होत नाही, हे दोन्ही कळण्याइतकी मी कचेरीत राहिले आहे.

२०२३ ला मी भिशीच्या सगळ्या बायकांना बोलावलं आणि भाभीजींना सगळ्यांत आधी. दारातच कुंकू लावलं. माझा हात थरथरत होता, त्यांचं कपाळ नाही. मग त्यांनी त्याच करंड्यात बुडवलेलं बोट माझ्या कपाळाला टेकवलं. खोलीतलं बोलणं दोन क्षण थांबलं. दोघी जणी डाळ न घेता उठल्या. एक पन्हं प्यायली आणि मग उठली. जिनं कलिंगड कोरून आणलं होतं ती म्हणाली, "चला, फोडणी गार होतेय." बस, एवढंच झालं. ज्या दोघी उठल्या त्यांतली एक पुढच्या वर्षी आली. दुसरीला मी अजून बोलावते.

ईदचा हिशेब मी ह्याच काळात मांडला. २०२१, २०२२, २०२३ : सलग तीन वर्षं ईद अक्षय्य तृतीयेला, म्हणजे गौर उठते त्या दिवशी. २०२४ ला ११ एप्रिल आणि २०२५ ला ३१ मार्च : दोन्ही वर्षं चैत्र तृतीयेला, म्हणजे गौर बसते त्या दिवशी. चाचांना वाटलं ही अल्लाची काही खास योजना. तशी नाही. चंद्रकोर दिसली की दुसऱ्या दिवशी ईद, आणि आपली तृतीया त्याच्या आगेमागेच पडते. त्यांच्या वर्षात अधिक महिना नाही, त्यामुळे ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरते. आपलंही तसंच सरतं, फक्त दर दोन-तीन वर्षांनी अधिक मास घालून आपण पुन्हा पुढे उडी मारतो. २०२३ ला अधिक श्रावण आला, आपण महिनाभर पुढे गेलो, ईद वैशाखातून चैत्रात आली. मी हे कागदावर आखून दाखवलं. चाचांनी कागद नीट पाहिला, घडी करून गल्ल्यात ठेवला आणि म्हणाले, "योजना तो है, बाईजी. आपने लिखके दी."

२०२५ च्या पाडव्याला, ३० मार्चला, शहरभर राजस्थान दिवसाचे फलक होते. १९४९ साली ३० मार्चला हे राज्य झालं तेव्हाही वर्षप्रतिपदाच होती, म्हणून सरकारनं २०२५ पासून तो तिथीनं साजरा करायचा ठरवला; त्या वर्षी तारीख आणि तिथी दोन्ही जुळल्या. नात पुण्याहून आली होती, ११ वर्षांची. तिनं गुढी उभारली, गुढीवर बांधणीचं लुगडं. दुसऱ्या दिवशी तृतीया, गणगौर आणि ईद. सकाळी तिनं चैत्रांगण काढलं, तुळशीवृंदावनाच्या शेजारी एक परिंडा काढला आणि त्यावर चिमणी. मी गौर पाळण्यात बसवली. भाभीजींना राखण करायला बसवून आम्ही दोघी डाळीचा डबा घेऊन निघालो. संध्याकाळी त्रिपोलियाचा रस्ता बंद होतो, म्हणून दुपारीच पोचलो. चाचांचं दुकान बंद होतं, वर घर उघडं. शीरखुर्म्याच्या वाट्या आल्या. चाचींनी नातीच्या हातात लाखेच्या बांगड्या चढवल्या, मग माझ्याकडे बघून हिरव्या रंगाचा एक जोड काढून पुढे ठेवला. काही बोलल्या नाहीत. मी हात पुढे केला.

गच्चीवरून मिरवणूक दिसते. उन्हं उतरल्यावर बँड वाजला, उंट गेले, कच्छी घोडीवाले नाचत गेले, आणि दरवाज्यातून ती आली, डोक्यावर छत्र, शेजारी कोणी नाही. नातीनं विचारलं, "आजी, हिचा नवरा कुठाय?" चाचांनी ईसर कोणी पळवला त्याची गोष्ट सांगायला घेतली, चाची म्हणाल्या तसं नाही झालं, त्यांच्या सुनेला तिसरीच माहीत होती. तोवर गौर छोट्या चौपडीला वळली.

घरी यायला रात्रीचे ९ झाले. भाभीजी पाळण्याशेजारी खुर्चीत डुलक्या घेत होत्या, एक हात पाळण्याच्या दोरीवर. डाळीचं पातेलं अर्धं रिकामं. चाहूल लागली तसं डोळे उघडले.

"नमक कम था," म्हणाल्या. "मैंने डाल दिया."